पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

परदेशचें एखादें जुनें बंदर पाहून आलेला मनुष्य बहुधा रंगांच्या गोष्टी सांगतो. घरांचे रंग, बाजारांतील फळांचे रंग, सकाळच्या आणि सायंकाळच्या समुद्राचे रंग. ऐकणारेहि तेवढ्यावर समाधान मानतात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. डोळ्यांना जें प्रथम दिसतें तेंच प्रथम सांगितलें जाणार. परंतु प्रत्येक बंदराला देखाव्याबरोबर एक जमाखर्चहि असतो. तेथें काय उतरलें, काय चढलें, कोण आलें आणि कोण परत गेलें नाहीं, याची नोंद तेथील दगडांत, नांवांत, जेवणांत आणि देवळांत राहून जाते. आज आपण मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुई हिच्या रस्त्यांतून हिंडणार आहों. रंग तर पाहूंच. पण तो जमाखर्चहि वाचून पाहूं.

लाखनीसारख्या गांवीं राहणाऱ्यानें हा विषय कां काढावा, असें कोणी विचारील. भंडारा जिल्हा तलावांचा. समुद्र आम्हांस कोणत्याहि दिशेनें शेंकडों कोस दूर. पण ज्या हमरस्त्यावर लाखनी वसली आहे, तो एका बाजूस नागपुरावरून मुंबईच्या वाटेस लागतो आणि दुसऱ्या बाजूस रायपुरावरून कलकत्त्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकांत याच दोन बंदरांतून, आणि तिसऱ्या मद्रासेंतून, लक्षावधि माणसें मॉरिशसला गेलीं तीं उंसाच्या मळ्यांसाठीं. आणि ऊंस म्हणजे काय हें आम्हांस सांगावें लागत नाहीं. या जिल्ह्यांतील कोहळी समाजानें तलाव बांधले व त्यांच्या पाण्यावर ऊंस पिकविला. उंसाच्या पात्यानें हात कसा चिरतो आणि तोडणीच्या दिवसांत पाठ कशी भरून येते, हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला पोर्ट लुईचा निम्मा इतिहास आधींच ठाऊक आहे.

मॉरिशस हें बेट मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारें ४७०० किलोमीटरवर हिंदी महासागरांत आहे. त्याचा विस्तार आजच्या भंडारा जिल्ह्याच्या निम्म्याहूनहि थोडा कमी. समुद्रावरून येणाऱ्यास प्रथम डोंगर दिसतात. शहर मागाहून दिसतें. एका डोंगराचें शिखर मुठींतून वर काढलेल्या अंगठ्यासारखें आहे, आणि फ्रेंचांनीं त्याचें नांवहि ‘ल पूस’, म्हणजे अंगठा, असेंच ठेविलें. दुसरा डोंगर पीटर बोथ. त्याच्या टोंकावर एक प्रचंड धोंडा मनुष्याच्या मस्तकासारखा बसला आहे. या डोंगरांच्या कुशींत, वाऱ्याच्या आडोशाला, बंदर आहे. हा आडोसा हीच या शहराची पहिली संपत्ति.

डच लोकांनीं १५९८ सालीं या निर्मनुष्य बेटाला आपल्या राजपुत्र मॉरित्स याचें नांव दिलें आणि १६३८ मध्यें तेथें वसाहत केली. जावा बेटांतून ऊंस त्यांनींच आणला, आणि उडतां न येणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळांत नाहींसा झाला. १७१० मध्यें डच बेट सोडून गेले. ऊंस मात्र मागें राहिला. पांच वर्षांनीं फ्रेंच आले. पोर्ट लुई हें शहर म्हणून उभें राहिलें तें माहे द लाबुर्दोने हा गव्हर्नर १७३५ सालीं आल्यावर. गोदी, इस्पितळ, पाण्याचा कालवा, गव्हर्नराचा वाडा हीं सारीं कामें त्यानें धडाक्यानें उठविलीं. येथूनच आरमार घेऊन त्यानें १७४६ मध्यें इंग्रजांपासून मद्रास जिंकून घेतलें. आज बंदरासमोरच्या चौकांत, उंच ताडवृक्षांच्या रांगांच्या तोंडाशीं, त्याचा पुतळा समुद्राकडे पाहत उभा आहे. आणि त्याच रांगांच्या दुसऱ्या टोंकाला, जुन्या सरकारवाड्यासमोर, व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे. एका रस्त्याच्या दोन टोंकांना दोन साम्राज्यें अशीं समोरासमोर बसलीं आहेत.

पण लाबुर्दोनेनें स्वतः दगड उचलले नव्हते. ते उचलले मादागास्कर व मोझांबिक येथून धरून आणलेल्या गुलामांनीं. आणि ते घडविले पाँडिचेरीकडून आणलेल्या हिंदी गवंड्यांनीं व सुतारांनीं. या कारागिरांची वस्ती शहराच्या पूर्वेस पडली आणि ‘मलबारी लोकांची छावणी’ या नांवानें ओळखली गेली. हिंदी खलाशांची वस्ती तशीच वेगळी. ‘मलबारी’ म्हटलेल्यांपैकीं कित्येकांनीं मलबार पाहिलाहि नसेल. परक्यानें दिलेल्या नांवाला खऱ्याची गरज नसते. १८१६ च्या मोठ्या आगींत शहराचा बराच भाग जळाला, आणि त्यानंतर लांकडाच्या जागीं दगड वाढला. तरीहि जुन्या गल्ल्यांतून कांहीं क्रेओल घरें अजून टिकून आहेत: पत्र्याचें उतरतें छप्पर, वळचणीला नक्षीची झालर, खिडक्यांना उभ्या झडपा आणि भिंतींवर फिकट निळा, पिवळा वा हिरवा रंग.

इंग्रजांनीं हें बेट डिसेंबर १८१० मध्यें जिंकलें. त्या मोहिमेच्या सैन्यांत हिंदुस्थानांतील शिपाईहि होते. फ्रेंचांचा कायदा, भाषा आणि चालीरीति राखण्याचें वचन जेत्यांनीं दिलें; म्हणूनच आजहि तेथील कचेरींत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच आणि घरांत क्रेओल असा तिहेरी व्यवहार चालतो. १८१५ पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी येथें रस्ते बांधण्यास पाठविले जाऊं लागले. पुढील बावीस वर्षांत असे सुमारें दीड हजार कैदी आले. १८३६ सालीं जगप्रवासाहून परतणारा चार्लस डार्विन पोर्ट लुईस उतरला, तेव्हां या हिंदी कैद्यांची भारदस्त चर्या पाहून तो थक्क झाला व तसें त्यानें लिहूनहि ठेविलें. शहराच्या माथ्यावरील टेकडीवर ‘फोर्ट अॅडलेड’ हा काळ्या दगडांचा किल्ला आहे. तेथें उभें राहिलें कीं बंदर, मिनार, घड्याळाचे बुरूज आणि घोड्यांच्या शर्यतीचें वर्तुळाकार मैदान एका दृष्टिक्षेपांत येतें. शर्यतीचें हें मैदान १८१२ सालचें आहे. आणि १२ मार्च १९६८ रोजीं याच मैदानावर ब्रिटिश निशाण उतरलें व स्वतंत्र मॉरिशसचें तांबडें, निळें, पिवळें, हिरवें निशाण चढलें.

किल्ल्यावरून खालीं उतरून बाजारांत शिरावें. खरा रंग येथें आहे. तांबड्या मिरच्यांच्या राशी, हिरव्या दुधी भोपळ्यांचे ढीग, लिची, अननस, आणि ओल्या कोथिंबिरीचा परिचित वास. दारांत डाळीच्या पुऱ्यांची गाडी असते. ही ‘ढोल पुरी’ म्हणजे बिहारची दालपुरी. डाळीच्या पुरणाची मऊ घडी. हरबऱ्याच्या डाळीचे तिखट वडे फ्रेंच नांव घेऊन ‘गातो पिमाँ’ झाले आहेत, आणि आपला फालुदा ‘आलूदा’ या नांवानें पेल्यांत बसला आहे. दोन रस्ते ओलांडले कीं चिनी लोकांचा मोहल्ला, आणि त्याला लागूनच कच्छी मेमण व्यापाऱ्यांनीं १८५० नंतरच्या वर्षांत उभारलेली पांढरी, हिरव्या कांठाची जुम्मा मशीद. डिसेंबरांत आलेल्या प्रवाशास रस्त्याकडेला गुलमोहर पेटलेला दिसेल. आपल्याकडे तो वैशाखांत फुलतो, तिकडे ऋतूच उलटे. मादागास्करांतला हा वृक्ष वेन्त्सेल बोयेर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२० नंतरच्या दशकांत मॉरिशसला आणून लावला. लाखनीच्या रस्त्यावर जो आपला वाटतो, तो वृक्षहि असा मूळचा परकाच आहे.

येथपर्यंत कोणताहि वाटाड्या आपणांस आणून सोडील. आतां बंदराच्या कांठानें थोडें उत्तरेस जावें. मोठमोठ्या इमारतींच्या पायथ्याशीं दगडी भिंतींचे कांहीं अवशेष, एक जुनें इस्पितळ, एक फाटक आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आहेत. पायऱ्या साध्या, काळ्या दगडाच्या; त्यांवर नक्षी नाहीं, रंग नाहीं. अनेक प्रवासी येथें पांच मिनिटेंहि थांबत नाहींत. पण याच पायऱ्यांसाठीं २००६ सालीं या जागेची जागतिक वारशांत गणना झाली. हिचें आजचें नांव ‘अप्रवासी घाट’. पूर्वींचें नांव होतें ‘कुली घाट’. तें १९८७ मध्यें बदलण्यांत आलें.

मॉरिशसमध्यें गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बंद झाली. मुक्त झालेल्या गुलामांना कांहीं मिळालें नाहीं. मालकांना मात्र नुकसानभरपाई म्हणून सुमारें वीस लक्ष पौंड मिळाले. मळेवाल्यांना आतां पैसा होता, जमीन होती, साखरेला विलायतेंत बाजार होता; हात मात्र हवे होते. ते हात हिंदुस्थानांतून आणण्याचा प्रयोग २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलस’ जहाजांतून कलकत्त्याहून आलेल्या छत्तीस मजुरांपासून सुरू झाला. प्रयोग असें मीं म्हटलें तें मुद्दाम. स्वतंत्र मजूर गुलामांपेक्षां स्वस्त पडतो कीं काय, हेंच पाहावयाचें होतें. तो पडला. तेव्हांपासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लक्ष माणसें या बंदरांत उतरलीं. १८४९ पासून त्यांच्या स्वागताचें ठिकाण म्हणजे हीं घाटावरचीं कोठारें. जहाजांतून उतरून सोळा पायऱ्या चढावयाच्या, दोन दिवस तेथें राहावयाचें, कागदावर नांव व आंकडा चढवावयाचा, आणि मग मळेवाल्याच्या माणसाबरोबर चालूं लागावयाचें.

करार पांच वर्षांचा असे. आपल्या लोकांनीं ‘अॅग्रीमेंट’चें ‘गिरमिट’ केलें. पुरुषास दरमहा पांच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तूप आणि कपडे, अशी बोली. कागदावर ती वाईट दिसत नाहीं. पण एक दिवस कामास चुकल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे आजारी पडलेला मनुष्य बरा होऊन उठला कीं देणेकरी झालेला असे. मळ्याबाहेर पास न बाळगतां सांपडल्यास तुरुंग. तक्रारींचा बोभाटा झाल्यावर १८३८ मध्यें ही भरती बंद करण्यांत आली, व १८४२ मध्यें देखरेखीचे नियम घालून पुन्हां सुरू झाली. १८७१ सालीं नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनीं आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थाच्या साह्यानें गव्हर्नराकडे अर्ज केला, आणि त्यावरून विलायतेहून चौकशी-समिति आली. या नऊ हजारांपैकीं बहुतेकांस लिहितां येत नव्हतें. तरीहि, लिहितां न येणाऱ्यानें लेखी दाद मागितली, ही गोष्ट इतिहासांत लहान नव्हे.

या पांच लक्षांत मोठा भाग बिहारकडील लोकांचा. त्याखालोखाल मद्रास इलाख्यांतील तमिळ व तेलुगु. परंतु मुंबई बंदरांतूनहि माणसें गेलीं, आणि त्यांत रत्नागिरीकडील कोंकणी कुळवाडी पुष्कळ होते. मुंबईस गिरणींत वा गोदींत काम शोधावयास आलेला तरुण दलालाच्या हातीं सांपडे. ‘मिरिच’ देशांत चांगला रोजगार आहे, असें त्यास सांगण्यांत येई. दर्यापार किती दिवस लागतील, परत कधीं येतां येईल, याची नीट कल्पना त्यास कोण देणार? पुष्कळांनीं घरीं निरोपहि पाठविला नसेल. गेलेल्यांपैकीं एक तृतीयांशांच्या आसपासच परत आले. बाकीचे तेथेंच राहिले.

राहिले ते कसे राहिले, हें पाहण्यासारखें आहे. बेटाच्या पश्चिमेस कास्कावेल आणि वरच्या पठारावर व्हाक्वा या भागांत मराठी मंडळींच्या वस्त्या झाल्या. घाटावरच्या कारकुनानें पूर्वजाचें जें नांव जसें ऐकलें तसें रोमन लिपींत लिहिलें, आणि तेंच पुढें कुळाचें आडनांव झालें. म्हणून तेथें बाबाजी, भिवाजी हीं आडनांवें आहेत. एका सामान्य मजुराचें घरांत हांक मारण्याचें नांव पांच-सहा पिढ्या चालावें, हा भोंसल्यांच्या वा पेशव्यांच्या वंशावळीइतकाच मानाचा विषय मानावयास काय हरकत आहे? घरांत आज बहुतेकांची बोली क्रेओल आहे. मराठी उरली ती आरतींत, लग्नाच्या गाण्यांत आणि शाळेच्या वर्गांत. भाद्रपदांत गणपति येतो. त्या दिवशीं देशाला सार्वजनिक सुट्टी असते, आणि मिरवणुका नदीकडे व समुद्राकडे जातात. त्यांपुढें नाच होतो तो ‘झाकरी’चा. कोंकणांतील जाखडी ज्यानें पाहिली आहे त्यास हें नांव परकें वाटणार नाहीं. शब्द विसरले गेले तरी पायांना ठेका आठवत राहिला.

या प्रकरणाचा दुसरा धागा त्याच रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. गुहागरजवळच्या कोतळूक गांवीं १८६६ सालीं गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. ज्या वर्षांत त्यांच्या आसपासच्या गांवांतील तरुण मुंबईहून बोटींत चढत होते, त्याच वर्षांत ते शिकून मोठे झाले. फेब्रुवारी १९१० मध्यें गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळकडे गिरमिटी मजूर पाठविणें थांबवावें असा ठराव आणला, व तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्यें त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें: गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी. तो ठराव सरकारी बहुमतानें पडला. १९१५ मध्यें गोखले वारले, आणि दोन वर्षांनीं, १९१७ मध्यें, गिरमिटाची भरती थांबली. मॉरिशसकडील ओघ तर १९१० च्या सुमारासच आटला होता. त्याआधीं १९०१ सालीं दक्षिण आफ्रिकेहून परततांना गांधीजी पोर्ट लुईस सुमारें तीन आठवडे थांबले होते, व मुलांना शिकवा, सार्वजनिक कामांत भाग घ्या, असा उपदेश त्यांनीं तेथील हिंदी लोकांना केला होता. तो वायां गेला नाहीं. १९६८ सालीं स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलाम हे एका गिरमिटी मजुराचेच पुत्र होते.

बंदरावरील एका संग्रहालयांत १८४७ सालचीं दोन टपाल तिकिटें आहेत: एक नारिंगी-तांबडें, एक निळें. जगांतील अत्यंत दुर्मिळ तिकिटांत त्यांची गणना होते, आणि रंग उडूं नये म्हणून त्यांवर दिवा तासांतून थोडाच वेळ लावतात. त्याच छापाचीं दोन तांबडीं तिकिटें लावलेलें एक पत्र मॉरिशसहून मुंबईस आलें होतें. तें पाकीट पुढें जगप्रसिद्ध झालें. ज्या काळांत तें पत्र मुंबईस पोंचलें, त्याच काळांत मुंबईहून निघालेल्या हजारों माणसांचें एकहि पत्र त्यांच्या घरीं आलें नसेल. तिकिटांची किंमत लिलावांत ठरते. त्या न लिहिलेल्या पत्रांची किंमत कोणी करावयाची?

तथापि येथें एक विलक्षण गोष्ट आहे. ज्या सरकारनें या माणसांना आंकडे लावले, त्यानेंच त्या आंकड्यांच्या वह्या नीट ठेविल्या. जहाजाचें नांव, तारीख, मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा आणि गांव. पुढें पुढें छायाचित्रहि. देखरेख ठेवतां यावी, पळून गेलेला पकडतां यावा, म्हणून ही सारी काळजी. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत, आणि वंशज त्यांच्या आधारें आपल्या पूर्वजाचा माग काढतात. मनुष्याला बांधून ठेवण्यासाठीं केलेली नोंद त्याच्या पणतवाला घर दाखविण्याच्या कामीं आली, याहून इतिहासाचा उफराटा न्याय तो कोणता?

मात्र त्या वहींतील गांवाचें नांव परक्या कानानें ऐकलेलें व परक्या लिपींत लिहिलेलें असतें. तें ओळखण्याचें काम मॉरिशसमधील मनुष्य एकटा करूं शकत नाहीं. तें इकडच्या माणसाचें काम आहे. आपल्या गांवाचीं जुनीं नांवें, वाड्यांचीं नांवें, घराण्यांतून ‘दर्यापार गेला तो आला नाहीं’ असें ज्याच्याविषयीं सांगतात त्याचें नांव, हें आपणच लिहून ठेविलें पाहिजे. कोंकणांत तें अधिक निकडीचें आहे; पण चहाच्या मळ्यांकडे, खाणींकडे, गिरण्यांकडे माणसें कोणत्या जिल्ह्यांतून गेलीं नाहींत? ज्या शाळेंत गांवाचा इतिहास म्हणून फक्त देवळाचा व पाटलाच्या वाड्याचा इतिहास सांगतात, तेथें बाहेर गेलेल्यांची एक वही असावी, एवढें करावयास पैसा लागत नाहीं.

आपणांपैकीं कोणी पुढेंमागें पोर्ट लुईस गेलें, तर बाजार अवश्य पाहावा, ढोल पुरी खावी, टेकडीवरून सूर्यास्त पाहावा. त्या शहरानें एवढे रंग कष्टानें मिळविले आहेत. ते पाहून आनंद मानणें हाहि त्या कष्टांचा आदरच आहे. फक्त त्या सोळा पायऱ्यांकडे जातांना खिशांत आपल्या जिल्ह्यांतील चार-दोन गांवांचीं नांवें असावींत, आणि तेथें भेटणाऱ्या माणसाला तीं स्वच्छ मराठी उच्चारांत वाचून दाखवावींत. न जाणो, त्यांतलें एखादें नांव त्यानें वहींत पाहिलें असेल, आणि तें खरें कसें उच्चारावयाचें हें त्याला त्या दिवशीं प्रथमच कळेल.